‘लिंगर’चं मराठी

३ नोव्हेंबर
इस्पितळाच्या बाकांवर ताटकळणाऱ्या नातलगांनो! आपल्या माणसाचं काय होणार, हे आपल्याला आपल्या भाषेत कुणीही सांगत नाही! — एवढं भाषण मनात केलं आणि गप्प बसले. शिक्षक संघटनेच्या सभा गाजवणारी बाई मी!
बाबांना तपासून डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "ही माइट लिंगर." आणि घड्याळ बघत पुढच्या खाटेकडे.
आईने विचारलं, "काय गं म्हणाले?"
"राहतील म्हणाले."
आईचा चेहरा उजळला. मला काहीच वाटलं नाही.

४ नोव्हेंबर
शब्दकोश काढला. लिंगर — पोर वाटेत रेंगाळतं, वास दरवळत राहतो, दुखणं लांबतं, मरणारा तग धरून असतो. इंग्रजीचं एकाच क्रियापदावर भागतं! आपल्याकडे चार होती. मी आईला पाचवंच सांगितलं.

५ नोव्हेंबर
जेवले. काय, ते आठवत नाही.

६ नोव्हेंबर
डॉक्टर आज सरळ बोलले. "इथे करण्यासारखं काही उरलं नाही. घरी न्यायचं तर न्या. आईंची सही लागेल."
शुद्धीत असताना बाबांनी मला बजावलं होतं — इथे मरू देऊ नकोस. घरी, माझ्या खिडकीपाशी.
आई सही करेना. "राहणार आहेत म्हणालीस ना? मग अर्धवट उपचारांतून कशाला उचलायचं? खुळी का तू!"
भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, हजार माणसांना पटवतेस, एका आईला नाही पटवता येत?"
नाही येत. माझंच वाक्य माझ्याविरुद्ध उभं आहे.

८ नोव्हेंबर
सांगितलं. कॅन्टीनमध्ये, तिच्या हातात चहा असताना.
"आई, मी अर्थ चुकीचा सांगितला. बाबा बरे होणार नाहीत. जायला वेळ लागेल, एवढंच म्हणाले होते डॉक्टर."
मुद्दे काढून नेले होते. एकही लागला नाही. आईने चहा संपवला, अगदी तळापर्यंत.
"वर्गातल्या पोरांनाही असंच शिकवतेस?" मग कप बाजूला सारून — "कागद कुठाय तो?"
मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. पर्समध्ये पेन शोधत बसले.

११ नोव्हेंबर
बाबा घरी, खिडकीपाशी. श्वास अडत अडत चाललाय. संध्याकाळी आईने त्यांची चादर सारखी केली आणि कानाशी वाकली —
"अहो, आमचं नीट चाललंय. निघा तुम्ही."