सात, सात, सात

अप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्याशीच भांडते. गिरणीच्या बॉयलरवर तुम्ही होतात तेव्हा शाळा सुटली की मी डबा घेऊन यायचे. एकदा तुम्ही विचारलंत, वाफेचा दाब किती? मी मीटरकडे बघून ऐटीत म्हणाले, "सात." तुम्ही चारचौघांत डाफरलात, "नुसतं सात काय सांगतीस? काटा कसा थरथरतोय ते बघ की. वाफेत पाणी आलंय, सांधे ढिले करतंय ते." मला रडू आलं. मग तुम्ही अर्धी कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्या हातावर ठेवलीत, आणि आपण दोघं तो काटा बघत बसलो.

आता तसलेच काटे काढून त्यांच्या जागी आकडे दाखवणारी यंत्रं बसवायचं काम मी करते. दाब सतत खालीवर होत असतो. यंत्र ठरावीक वेळाने एक माप घेतं आणि त्याचा जवळचा आकडा करतं. मधलं सगळं सुटतं. किती सुटू द्यायचं, ते माझ्यासारखी कुणीतरी ठरवते. चादरींच्या सुताला रंग देणाऱ्या एका कारखान्यात मी सेकंदाला दहा मापं ठेवली होती, दशांशासकट. मालक म्हणाले, "मॅडम, आकडे लई नाचतेत, माणसं भेतेत." मी मिनिटाला एक माप केलं, दशांश उडवला. आकडा गप्प बसला. मालक खूश, मीही खूश.

मागच्या महिन्यात वाफेच्या पाइपाचा सांधा सुटला आणि तिथल्या एका कामगाराचे दोन्ही हात भाजले. चौकशीत मी यंत्रातला कागद काढून दिला. सबंध सकाळभर सात, सात, सात. काटा असता तर थरथरला असता, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. सगळ्यांनी कागद बघून माना डोलावल्या, मी सुटले. त्यानेच झडप जोरात फिरवली असणार, असं ठरलं. तेव्हापासून जेवण जात नाही, अप्पा. स्वतःची किळस येते.

काल दवाखान्यात गेले. त्याची बायको त्याला चमच्याने पाणी पाजत होती. घरात तेलुगू बोलणारा माणूस, माझ्यासाठी मराठी जुळवत म्हणाला, "मॅडम, आकडा तर बरोबर होता ना? मग माझंच चुकलं असंल." तुम्ही तिथे असायला हवे होतात, डाफरायला. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे कुठे पाठवायचं नाही. ज्याला लिहायला हवं तो इथून दोन चौक पलीकडे पडून आहे, आणि त्याला मी "हो, बरोबर होता" असं सांगून आले.