उधन्याची खिडकी आणि संकेतस्थळ

१७ जानेवारी १९९९, रविवार

ग्रंथालयाचे वार्तापत्र आले. पान दोनवर चिटणीस करंदीकर (यापुढे क.) यांचा वृत्तान्त: ‘आपल्या नूतन संकेतस्थळाची चाचणी १४ जानेवारी रोजी बारा वाचकांसमवेत घेण्यात आली असून सर्वांना हवी ती पुस्तके विनासायास सापडली.’

असत्य. चौदा जानेवारीला सुरतेत माणूस पतंग घेऊन गच्चीवर असतो, तोंड आकाशाकडे. ग्रंथालय बंद होते. किल्ल्या माझ्यापाशी होत्या. चाचणी झाली ती दहा तारखेस, क. यांच्या दिवाणखान्यात. उपस्थित: त्यांचे मेहुणे, शेजारचे एक दांपत्य आणि मी. माउस अथपासून इतिपर्यंत क. यांच्या मुठीत. “हे बघा, इथं दाबलं की आलं!” ही चाचणी नव्हे. हे बोट धरून गिरवणे.

दुखणे पुढच्या वाक्यात आहे. ‘या यशामुळे उधना शाखेची खिडकी १ एप्रिलपासून बंद करण्यात येत असून तेथील पुस्तके मुख्य ग्रंथालयात हलविण्यात येतील.’ येत असून! कार्यकारिणीपुढे ठराव आलेला नाही.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून यंत्रमागांच्या वस्तीतल्या त्या जाळीच्या खिडकीत मी बसतो. मागे चार कपाटे. पाळी सुटली की लूमवरची माणसे येतात, बाहेरून बोट दाखवतात, मी पुस्तक काढून देतो. ती खिडकी एका फसव्या वाक्याने बंद होऊ देणार नाही.

२० जानेवारी

कार्यकारिणीच्या बैठकीत पत्र दिले. मागणी: चाचणी पुन्हा घ्यावी, परीक्षेच्या नियमांनी. (१) वाचक उधन्याचे. (२) यंत्र सार्वजनिक, घरचे नव्हे. (३) पर्यवेक्षकाने बोलायचे नाही, खुणावायचे नाही, हात पाठीमागे.

क. सर्वांसमक्ष: “सर, तुम्ही शाळा सोडलीत, शाळा काही तुम्हाला सोडत नाही.” हशा. हसणाऱ्यांत माझे दोन माजी विद्यार्थी. दोघेही काठावर उत्तीर्ण झालेले.

संकेतस्थळ तयार केले आहे क. यांच्या सुनेने. मीनल. माहेर बडोद्याचे, शिक्षण गुजराती माध्यमात, मराठी त्याच बेताचे. ती उठून म्हणाली, “काका बराबर बोलतात. टेस्ट अशीच पाहिजे. मला पण जोईए छे.” सासऱ्यांची मुद्रा पाहण्यासारखी झाली. चाचणी मंजूर. तरीही माझा या मुलीवर विश्वास नाही. घर त्यांचेच.

२४ जानेवारी, रविवार

उधन्यातले सायबर कॅफे. पडद्यावर मराठी नाहीच. सलामीलाच स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची भेळ. कॅफेवाला निर्विकार: “काका, फॉन्ट नाखवो पडशे.” फॉन्ट घालावा लागेल. म्हणजे ही अक्षरे फक्त क. यांच्या घरच्या यंत्रात वसलेली. गावभर जाहिरात, आणि दिवा घरातल्या कोनाड्यात.

चाचणी तहकूब. क. म्हणाले, “ही तांत्रिक बाब आहे.” मी म्हणालो, “न वाचता येणे ही ग्रंथालयाच्या दृष्टीने तांत्रिक बाब नाही.”

३१ जानेवारी, रविवार

अक्षरे बसवली. चाचणी झाली.

लताबाई पाटील प्रथम. मूळच्या अमळनेरकडच्या, साड्यांना टिकल्या लावण्याचे काम. खोलीतल्या बाकीच्या बायकांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात. काम दिले: वाचून झालेल्या भयकादंबरीचा दुसरा भाग शोधा. पडद्यावर डावीकडे मी केलेली विषयवारी होती: ललित गद्य, वैचारिक, अद्भुत व भयकथा, संकीर्ण. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. वर छायाचित्र आहे: खिडकीचे उद्घाटन, हार घातलेले क., मागे चार कपाटे. लताबाईंनी बाण नेला तो थेट क. यांच्या खांद्यामागच्या आरशाच्या कपाटावर. (कोणाच्या तरी लग्नात आलेले ते कपाट देणगीत मिळाले. भुतांची पुस्तके त्यात.) दाबले. पुन्हा दाबले.

“गुरुजी, कपाट काय उघडत नही शे.”

माझे हात पाठीमागे. क. यांना राहवेना: “डावीकडे, वहिनी, डावीकडे!” ती उत्तरपत्रिका मी तिथल्या तिथे रद्द केली. क. बाहेर पानाच्या गादीवर गेले.

पुढचे संपत महाजन, लूमवर काम करतात. तेही छायाचित्रावरच. “साहेब मधी उभा शे ना, त्यामुये हिरवं कपाट झाकाई गये,” असे म्हणून त्यांनी क. यांच्या पोटावर बाण ठेवला आणि दाबत राहिले. उरलेले वाचकही त्याच मार्गाने गेले. पुस्तक कोणालाही सापडले नाही.

मीनल कोपऱ्यात भराभर लिहीत होती. हसू दाबत होती. मी दाबले नाही.

विषयांची नावे निर्दोष आहेत. त्यात बदल करणार नाही. परंतु जाळीबाहेरच्या माणसाला ती कधी लागलीच नाहीत. त्याने बोट दाखवले, मी दिले.

निकाल: संकेतस्थळ अनुत्तीर्ण. आज जेवण गोड लागले.

५ फेब्रुवारी

मीनल घरी आली. चहा नको म्हणाली, मुद्द्यावर आली.

“काका, मी फोटो नवा काढते. पप्पा नाही, फक्त कपाट. कपाट दाबलं की आतली यादी उघडणार. पण कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, ते तुम्हालाच माहीत. बीजा कोणालाच नाही.”

मी म्हणालो, विचार करतो. हे वाक्य मी उभ्या आयुष्यात टाळण्यासाठीच वापरले आहे.

दिले, तर संकेतस्थळ चालेल. चालले, तर क. खिडकी बंद करतील, या वेळी खरे कारण दाखवून. न दिले, तर

९ फेब्रुवारी

दिले. चारही कपाटांचे खण मीनलला समोर बसवून सांगितले. तिने ‘संकीर्ण’चा अर्थ विचारला. सांगितला. “म्हणजे परचुरण?” म्हणाली. तसेच लिहून घेतले असावे.

परीक्षक प्रश्नपत्रिका फोडत नाही, तसा विद्यार्थ्याचा पुरवणी कागदही दडवत नाही. क. यांनी दडवला असता. एवढे कारण पुरे.

२१ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच कॅफे, तेच वाचक. नियम तेच. क. यांनी हात पाठीमागे बांधून घेतले, मला दिसतील असे.

लताबाईंनी आरशाचे कपाट दाबले. यादी उघडली. दुसरा भाग समोर. “आते सापडनं!” एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की कॅफेतली पोरे वळून पाहू लागली. संपतरावांना हिरवे कपाट सापडले. सगळ्यांनाच आपापले मिळाले. मीनलने टाळ्या वाजवल्या नाहीत, हे तिच्या खाती जमा.

चाचणी आटोपल्यावर, सर्व उठल्यावर, मी लताबाईंना विचारले, “खिडकी बंद झाली तर इथे येऊन शोधाल?”

“आठे? गुरुजी, ह्या पोऱ्यांमधी? आन सापडनं तरी काय! पुस्तक तं तठे शहरात राही. लेवाले कोन जाई? शेठ रजा दी का? कारड मन्हं एक, पन आयकनाऱ्या बठ्ठी (सगळी) खोली शे. मी गई नही तं बठ्ठ्या उपाशी.”

संपतरावांनीही तेच सांगितले, थोडक्यात आणि एका शिवीसह.

मी मीनलला म्हणालो, “लिहून घ्या.” तिने लेखणी उचलली.

क. शांतपणे: “नको लिहूस, मीनल. सर, हा प्रश्न परीक्षेत नव्हता. आणि पर्यवेक्षकानं बोलायचं नाही. नियम तीन. तुमचाच.”

नियम माझाच. तीनदा अधोरेखित केलेला. क. यांना तो तोंडपाठ होता. माझ्या विद्यार्थ्यांनाही माझा एकही नियम इतका पाठ नव्हता.

२७ फेब्रुवारी

क. यांनी नवा वृत्तान्त छपाईपूर्वी तपासण्यास माझ्याकडेच धाडला. खोडी स्पष्ट आहे. ‘सर्व वाचकांना पुस्तके सापडली.’ या वेळी खरे. खोडण्यासारखा एक शब्द नाही. असत्यापेक्षा हे खरे मला अधिक असह्य झाले आहे.

२ मार्च

मीनलला ग्रंथालयात गाठले. म्हणालो, आणखी एक चाचणी लावा. पडद्यापाशी संपणारी नव्हे. पुस्तक हवेसे वाटले इथपासून ते उधन्याच्या खोलीत हातात पडले इथपर्यंत. वाचक तेच. कपाटे शहरात हलवली आहेत असे समजून.

“काका, ती तो साइटची टेस्ट नाही.”

“ग्रंथालयाची आहे.”

तिने वही मिटली. मग: “पप्पा घरात माझ्याशी बोलत नाहीत, फोटोतून काढलं तेव्हापासून.” आणि: “प्रश्न आधीच कागदावर लिहून द्या. मग ते नियमात बसशे ने?”

बसते. हे मला सुचायला हवे होते. तिला तसे सांगितले नाही.

७ मार्च, रविवार

प्रश्न लिहून दिले. लताबाई व संपतराव येणार. मीनलने चौथ्या चाचणीच्या अर्जावर सही केली आहे. सासऱ्यांना सांगितले की नाही, विचारले नाही. कार्यकारिणीत माझ्या बाजूने कोण, ठाऊक नाही. माजी विद्यार्थी नजर चुकवतात. क. रस्त्यात भेटले, म्हणाले, “सर, एप्रिलपासून विश्रांती घ्या.”

वार्तापत्रासाठी शुद्धिपत्र आज पाठविले:

पहिली चाचणी: छापले १४ जानेवारी. वाचावे १० जानेवारी. उपस्थित चार, वाचक एकही नाही.

दुसरी चाचणी: छापलीच नाही. वाचावे ३१ जानेवारी. पुस्तक कोणासही सापडले नाही.

तिसरी चाचणी: २१ फेब्रुवारी. बरोबर.

चौथी चाचणी: १३ मार्च. अर्ज दाखल, मंजुरी बाकी.

उधन्याची खिडकी बंद: छापले १ एप्रिल. चूक. ठराव झालेला नाही. तारखेची जागा कोरी ठेवावी.