आमच्याच ढिगाखालचं गरम पाणी

क्रुशोव्ना,
बुधवार, १० जुलै

आदरणीय ग्रोझ्दानमामा,

आधी गेल्या पत्रातली चूक दुरुस्त करते, नमस्कार त्यानंतर. 'आमच्या रोमन स्नानगृहाची भिंत उत्तरेला अकरा मीटरवर संपते' असं मी लिहिलं होतं. ती संपत नाही. ती सरळ पुढे जाते आणि आमच्या स्वतःच्या मातीच्या ढिगाखाली शिरते. ते वाक्य खोडून टाका, आणि मामींना वाचून दाखवलं असेल तर त्यांच्याकडूनही परत घ्या.

आता नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? परवा मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संत प्रोकोपीच्या सणाला मधाची रोटी खायला येता आलं नाही, त्याबद्दल तुमची आणि मधमाश्यांची माफी मागते. मी बरी आहे. म्हणजे वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि मधल्या वेळात दातओठ खाते.

मामा, उत्खनन म्हणजे अखेर काय, तर एका जागची माती उचलून दुसऱ्या जागी टाकणं. (आमचे उत्खननप्रमुख सर हे वाक्य ऐकतील तर मला घरी पाठवतील, पण तीन उन्हाळे मी तेच बघते आहे.) पहिली जागा निवडायला विद्वत्ता लागते. दुसरी निवडायला नुसतं डोकं लागतं, आणि ती आमच्या बोझिनोव्ह सरांनी निवडली. पहिल्या वर्षी सगळ्या आवारावरची वरची माती खरवडून झाली, दक्षिणेकडून खणायला सुरुवात झाली, आणि खणलेलं सगळं उत्तरेच्या खरवडलेल्या अर्ध्या भागावर टाकायचं ठरलं. का? तर मुकादम डिंकोकाकांच्या मते ढकलगाडी रस्त्यापलीकडच्या पडीक रानापर्यंत ढकलणं हे माणसाचं काम नाही, गाढवाचं आहे. आता तो ढीग दुमजली झाला आहे. त्यावर शेळ्या चरतात. सरपंच मिका पेनेवाबाईंनी शेंड्यावर झेंडा रोवला आहे. रोमन लोकांना या गावात एवढी उंच गोष्ट बांधता आली नव्हती.

दक्षिणेला आम्हाला थंड पाण्याची खोली मिळाली, तिच्या पुढे कोमट पाण्याची. कोमट खोलीची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली आहे, खालून गरम हवा फिरावी म्हणून. मग ती हवा येते कुठून? भट्टी कुठे आहे? गरम खोली कुठे आहे? शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पुढच्या बाजूला. पण पुढच्या बाजूला आमचा ढीग आहे, आणि तिथं काही असेल तर तीन वर्षं आपण कुठे माती टाकली हे सरांना कुणीतरी विचारेल. म्हणून सरांनी शोध लावला की इथले लोक थंड पाण्यानंच आंघोळ करत! त्यांचा एक कडक पंथ होता म्हणे. टीव्हीवर सांगून झालं, पुस्तिका छापून झाली. मामा, इथे जानेवारीत विहिरीवर बर्फ फोडावा लागतो. असा पंथ असलाच, तर पहिल्याच हिवाळ्यात तो न्यूमोनियानं संपला असणार.

मग जूनमध्ये गारपीट झाली आणि ढिगाचा पायथा खचला. सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोचले (मला पहाटेच जाग येते, ताडपत्री उडाली असेल असं वाटत राहतं), तर भिंत पुढे गेलेली दिसली! हातभर लांब, सरळ, आणि तिच्या कडेला काळीभोर राख. भट्टीचीच राख. मी मोजपट्टी लावून फोटो काढला, रोजच्या नोंदीत लिहिलं आणि आनंदानं सरांना बोलवायला धावले.

सरांनी पाहिलं. मग म्हणाले, "डिंको, हे नीट कर." डिंकोकाकांनी दोन गाड्या माती त्यावर ओतली आणि फावड्यानं थापटून गुळगुळीत केली. मी तिथंच उभी होते, मामा! मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "नेवेना, बाळा, आजच्या नोंदीत 'ढिगाची डागडुजी' एवढंच लिही. आणि अंतिम नकाशात उत्तरेची भिंत सलग रेषेनं बंद कर."

तुम्हाला सांगायला हवं की आमच्या नकाशात डोळ्यांनी पाहिलेली भिंत सलग रेषेनं काढतात आणि अंदाजाची तुटक रेषेनं. आमच्या कामात खरं आणि खोटं यांच्यामधे तेवढंच अंतर असतं. जी भिंत मी कधी पाहिली नाही ती मी सलग काढायची, जी पाहिली ती काढायचीच नाही, आणि खाली सही करायची, कारण नोंदी माझ्याकडे आहेत. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला अक्षरं शिकवलीत ती मधाच्या पेट्यांवर, खडूनं. पेटी उघडून बघितली नसेल तर 'राणी आत आहे' असं लिहायचं नाही, हे तुम्ही मला दरडावून सांगितलंत तेव्हा मी पाच वर्षांची होते. सर अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.

मी डिंकोकाकांकडे गेले. म्हटलं, ढीग हलवायला हवा. ते तंबाखूची सिगारेट वळत होते.

"कुठला ढीग?"

"आपला. हा."

"पोरी, त्या ढिगात माझी कंबर आहे. दोन मणके या बाजूला, तीन त्या बाजूला. हलव म्हणतेस? आधी मला हलव!"

मग सरपंचबाईंकडे गेले. त्यांनी मला कलिंगड दिलं आणि वर बातमी दिली की बावीस जुलैच्या सोमवारपासून ढिगावर काँक्रीटच्या पायऱ्या आणि वर बघे लोकांसाठी चौथरा होणार आहे. "वरून सगळं कसं छान दिसेल बघ!" म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, वरून सगळं दिसेल, फक्त पायाखालचं दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, पायाखाली कोण बघतं? खा, कलिंगड खा."

म्हणजे काँक्रीट पडलं की गरम खोली कायमची गेली, आणि तिला गाडणाऱ्या कागदावर सही माझी. मी नाही केली तर सर दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतील. त्यांनी तसं हसत हसत सांगितलंही.

पण तुम्ही काळजी करू नका. मी शांत आहे. वडीलधाऱ्यांशी भांडायचं नाही, ही आईची शिकवण मी विसरलेले नाही. मी मुकाट्यानं माझं काम करीन. मामींना नमस्कार सांगा.

तुमची आज्ञाधारक भाची,
नेवेना

ता.क. पुढे लोडर बसवलेला तुमचा ट्रॅक्टर मला एका दिवसासाठी हवा आहे. चालवायला तुम्हीही.

आणखी एक ता.क. हा गुन्हा नाही. मी नियम तीनदा वाचले. जुन्या थराला हात लावायला परवानगी लागते, पण आमचीच खणलेली, चाळलेली, नोंदलेली माती इकडून तिकडे करायला कुणाचीच लागत नाही. शेवटची वीतभर माती मी स्वतः थापीनं काढीन. लोडरचा दात राखेला लागला तर मी तुमच्याशीही बोलणार नाही. खचलेल्या पायथ्याकडची तेवढी माती काढून रस्त्यापलीकडच्या रानात टाकू. (तिथं खाली काही नाही. मी आधीच सळई खुपसून बघितलं. आपण त्यांच्यासारखे नाही.) भिंत उघडी झाली की फोटो काढीन, जेवढी दिसेल तेवढी सलग रेषेनं काढीन, सही करीन, आणि एक प्रत राजधानीत, सोफियातल्या पुरातत्त्व कचेरीत, एक सरपंचबाईंच्या हातात देईन.

शेवटचा ता.क. मामी म्हणतील, संत इलियाच्या दिवशी काम करणाऱ्यावर वीज पडते, ट्रॅक्टर बाहेर काढायचा नाही. त्यांना सांगा, म्हणूनच तर तो दिवस धरला. सगळं गाव देवळापाशी कोकराचा प्रसाद खात असेल, सर सरपंचबाईंच्या शेजारी पहिल्या बाकावर, आणि डिंकोकाका तर त्या दिवशी फावड्याकडे बघतही नाहीत. वीज पडायचीच असेल तर माझ्यावर पडू दे. निदान ढिगाच्या शेंड्यावर पडेल. तुम्हाला जमणार नसेल तर कळवायची गरज नाही, फक्त येऊ नका. मी घमेलं घेऊन एकटी सुरू करीन. दिवस बदलणार नाही: शनिवार, वीस जुलै.