आंब्याच्या वासाची वाफ

ऊर्जानगर
ता. ८ फेब्रुवारी २०२५

निशाबाईले गिरजाचा नमस्कार.

तुमी फोन उचलून नाई राह्यल्या, म्हणून चिठ्ठी. अक्षर वाकडंतिकडं आहे, वाचून घ्या. सून डिंपल माहेरी कोरपन्याले गेली, नात आचल माह्यापाशी आहे. खानावळ चालू आहे. धानोऱ्याले थंडी असल, पाय शेकत जा.

आता कामाचं. मी तुमच्या अमरले भर खानावळीत, गिऱ्हाइकांसमोर, ताटावरून उठवलं. खरं आहे. मामी असून भाच्याले उठवलं म्हणून तुमी रागावल्या. रागवा. पण पोट्ट्यानं तुमाले अर्धंच सांगितलं, अन् उरलेलं त्याले ठाऊकच नाई.

तो ते पेनासारखं यंत्र ओढते, बॅटरीची सिगरेट. सरकारनं विकाले बंदी केली म्हणतात, तरी याच्या खिशात असतेच. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अमर, भिंतीवरची पाटी वाच."

तं म्हणते, "मामी, पाटी धुराची आहे. हे धूर नोहे, वाफ होय."

"वाफ तं माह्या भाताचीबी निघते. तिले भाताचा वास येते. तुह्या वाफेले आंब्याचा काऊन येते?"

कंपनीच्या बसचे ड्रायव्हर खुशालभाऊ जेवता जेवता हसले. "गिरजाबाई, याले सूट असल तं माह्या बिडीनं काय पाप केलं?"

बरोबर बोलले. बंद खोलीत इतके जण जेवतात, एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या नाकात काऊन जावं? धूर म्हणा नाईतं वाफ म्हणा. हे मले तवाच समजलं होतं. तरी मी त्याले ओढू दिलं. काऊन दिलं तेच लिहाचं आहे.

तुमचा भाऊ केवळराम गेला तवा आपण पीठ पसरून टोपली झाकली होती, कोणत्या जन्मात गेला ते पाहाले. सकाळी तुमीच टोपली उचलली. पाऊल नाई, पाखराची नखं नाई, काहीच नाई. तुमी म्हटलं, "भाऊ सुटला, वयनी." मी मान हलवली. पण माह्या मनात आलं, उमटाले तो निघाला तं पायजे. तो गेलाच नाई.

खिडकीजवळ तो ज्या बाकावर बिडी ओढत बसे, तिथीच एका दुपारी अमर बसला. वाफ सोडली. ऊन आडवं येत होतं. वाफेत पहिले कान दिसला. मग खांदा, खांद्यावरचा दुपट्टा. पाठमोरा होता. मी नाव घेतलं, वळला नाई. वाफ विरली, तोबी विरला.

त्यानंतर मीच अमरले त्या बाकावर बसवू लागली. त्याच्या ताटात रस्सा जास्त वाढाची. "सोड अजून एकदा," म्हणाची. पोट्ट्याले वाटलं, मामी मानली. खुशालभाऊ ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवू लागले, तरी मी बोलली नाई. वाफ असेपर्यंत मी तिच्यातल्या तुमच्या भावासंगं हळूच बोलत जाची.

सोमवारी अमर हात धुवाले गेला, यंत्र बाकावर ठेवून. मी पोळ्या लाटत होती. वळून पाहतो तं चार वर्षांची आचल बाकावर उभी, यंत्र तोंडात, डोळे लाल, खोकून राह्यली. मी हिसकलं.

तं म्हणते, "आजी, दे ना. आबाले बोलावून राह्यली मी. तू बोलावतेस तसं."

निशाबाई, पोरगी रोज पाहत होती मले.

माहा राग माह्यावरच होता, निघाला अमरवर. तो हात धुऊन ताटावर बसला होता, तसाच उठवला. यंत्र उघडं ठेवलं एवढाच त्याचा कसूर.

आचल बरी आहे, डॉक्टरले दाखवलं. डिंपल आल्यावर तिले मीच सांगन, मले काय बोलाचं ते बोलू दे. अमरले म्हणा, जेवाले ये. यंत्र फाटकाबाहेर ठेवाचं. खुशालभाऊची बिडीबी फाटकाबाहेर. कोणाचंबी आत चालणार नाई, मग तो माहा भाचा असो नाईतं साहेब असो.

पोट्ट्याले परत बोलावता येते, म्हणून बोलावतो. तुमच्या भावाले मी बाहेर काढलं, त्याले आता कसं बोलावू? दुपारी बाकावर नुसतं ऊन पडते. एकदा तरी तोंड दाखवाचं होतं त्यानं.

सोमवारपासून विधवा झालेली,
गिरजा