स्टोव्ह बंद केल्यावर

आत्याबाई,

आज भाकरी थापताना तुमची फार आठवण आली. कुर्डुवाडीहून तुमची सून होऊन आले तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा डिझेलचा वास यायचा. माहेरच्यांनी नाकं मुरडली होती. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं मामंजींचे कान गेले होते. गिरणी सुटल्यावर ते ओसरीवर गाड्यांचे, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर दुरुस्त करायचे. स्प्रिंगखाली पातळ चकती घालायची, तपासणीच्या हातपंपावर बसवायचा, दांडा दाबायचा. फवारा त्यांना दिसे. पण चांगला इंजेक्टर फवारताना करकरतो, आपल्या घरात त्याला 'बोलतो' म्हणायचे, आणि ते काही त्यांना ऐकू येत नसे. ते तुम्ही चुलीपाशी बसून ऐकायचात आणि पिठाचा हात वर करायचात. तुमचा हात वर झाला की काम गिऱ्हाइकाच्या हवाली. मला वाटायचं, हे कसलं सासर.

मोडनिंबचे ते गृहस्थ आठवतात? पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवून घेतलेले आणि धुरानं वैतागलेले. मामंजी दांडा दाबतायत, चुलीशेजारी स्टोव्ह भरभरतोय, आणि तुमचा हात वर होतो. मला तो आवाज स्टोव्हचा वाटला. नव्या सुनेनं काय बोलायचं? पण इंजेक्टर तसाच गेला असता तर तुमचा शब्द गेला असता. मी मुकाट्यानं स्टोव्हची हवा सोडली आणि मामंजींना पुन्हा दाबायची खूण केली. फवारा आला, पण मुका. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की वाटलं, आता माहेरी धाडणार. मग हात खाली घेतलात आणि त्या गृहस्थांसमोरच म्हणालात, "स्टोव्हचा आवाज हुता त्यो. सुनंचा कान माज्यापरीस चांगला हाय. आजपास्नं तीच सांगंल." त्या दिवसापासून ते घर माझं झालं.

आता आम्ही जुळे सोलापुरात असतो. हातपंप गॅलरीत आहे, ह्यांनी टाकू दिला नाही. ह्यांनाही हल्ली कमीच ऐकू येतं. कधीतरी जुना इंजेक्टर लावून दांडा दाबतात आणि माझ्याकडे बघतात. गॅसला आवाज नसतो, तरी मी आधी तो बंद करते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून सांगते. काल इंजेक्टर बोलला नव्हता. ह्यांचं तोंड बघून मी हात वर केला. खाली घे म्हणायला तुम्ही हव्या होतात.