सहावी फिल्म

४ ऑक्टोबर २००३

लॅबमध्ये खंडेनवमी. भट्टीला हार, मीटरला गंध. माझे गाईड देवळे सर हळदकुंकू वाहत होते. मला म्हणाले, "तुमच्यात नसतं ना हे? लांब उभी राहिलीस तरी चालेल." किती गोड हसून! आम्ही बौद्ध, पूजा करत नाही, हे खरंच. पण लांब? त्याच टेबलावर माझ्या टिन ऑक्साइडच्या फिल्म, काचेवरचे पातळ थर, वाळत होत्या – कालच कॉपरच्या द्रावणात बुडवून काढलेल्या. त्या चालतात.

६ ऑक्टोबर

फिल्म भट्टीत भाजल्या, त्यांच्यावर अमोनिया वायू सोडला. पाच नेहमीसारख्या मठ्ठ. सहावी – मीटरचा काटा एकदम वर! कारखान्यातली गळती ओळखेल असा सेन्सर. सर म्हणाले, "आपलं काम झालं." आपलं!

२० जानेवारी २००४

सरांनी पुण्यात पेपर वाचला. माझं नाव आभारात.

११ मार्च

सहावीचा रिझल्ट पुन्हा येतच नाही. तेच द्रावण, तीच भट्टी. म्हटलं, भट्टीचं तापमान हलतंय. सर – "नाचता येईना, अंगण वाकडं. रिझल्ट परत दाखव, मगच थिसिसवर सही." संताप संताप झाला.

१२ जुलै

डबा खाताना ज्युनिअर तृप्ती सहज म्हणाली, "ताई, खंडेनवमीला सरांनी तुमच्या ट्रेवरपण हळदकुंकू वाहिलं होतं की. एका फिल्मवर बरंच पडलं होतं, मी फुंकर मारली." सहावीच असणार ती! डबा तसाच बंद केला.

१३ जुलै

सातपूरच्या दुकानातून कुंकवाची पुडी आणली. आई – "आता हे काय नवीन?" म्हटलं, अभ्यासाला. तिला पटलं नाही.

१५ जुलै

एका ओल्या फिल्मवर चिमूटभर कुंकू, दुसरी कोरी. दोन्ही भाजल्या. कोरी मठ्ठ. कुंकवाची – काटा वर!

धावत जाऊन सरांना सांगितलं. कुंकवात काय आहे – चुना, रंग, काय – ते शोधू या. पृष्ठभागावर काय बसतं हेच तर आपलं संशोधन! सर थंडपणे – "पेपरात कारण म्हणून कॉपर छापून आलंय. आणि आमच्या पूजेवर खापर फोडू नकोस."

बसमध्ये रडले. लोक बघत होते, बघू देत.

२१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सोमवारी कंपनीची माणसं सेन्सर बघायला येणार. ओल्या फिल्मचा ट्रे सरांनी स्वतःच मांडलेला. हळदकुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं. हळूच म्हणाले, "या वर्षी तू वाहा. सगळ्या फिल्मवर सारखं पडू दे. सही आजच करतो."

म्हटलं, "आमच्यात नसतं, सर." आणि लांब जाऊन उभी राहिले.