चेनची कुरकुर

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

पोचलो! यवतमाळहून आर्णी रोडने निघून, आत वळून मारोतरावांच्या शेतात. कपाशीच्या धुऱ्याला, बांधावरच, आमच्या सायकल ग्रुपचे नऊ तंबू. विठ्ठलराव वाटभर माझ्या मागे, हातभर अंतरावर. अकरा वर्षं हेच. पुढे व्हा म्हटलं की ठरलेलं उत्तर — "तुम्ही चाला पुढं, मधुभाऊ. मी हाय ना मांगं."

तंबूच्या दोरीला दोनदा अडखळले. म्हातारे झालात, म्हटलं. तेही हसले. उद्या घाट.

११ जानेवारी, शनिवार

विठ्ठलराव पडले. चढ संपत आला होता. शेवटच्या वळणावर मी वळलो, ते सरळच गेले — नालीत. खांद्याचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून वाचले. पुरे.

१३ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात गेलो. त्यांच्या पत्नी विमलताई डबा आणायला घरी गेल्या होत्या. तेवढ्यात विठ्ठलराव हळूच म्हणाले, "काचबिंदू हाय, मधुभाऊ. दीड वर्ष झालं. समोरचं तेवढं दिसते, कडंचं गेलं. हिले सांगू नका."

मग सायकल कशी चालवत होतात? तर म्हणे माझ्या चेनवर! "तुमची चेन लय कुरकुर करते ना. तिच्याच मांगं मांगं येतो. ती जिकडं वळली, तिकडं मी वळलो."

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपमधली प्रेरणा म्हणाली होती, "काका, सायकल हाय का बंडी?" माझी कुरकुरती सायकल म्हणजे बैलगाडी! झोंबलं मला. मारोतरावांकडून वाटीभर डिझेल मागून घेतलं, तासभर बसून चेन घासली, तेल घातलं. शनिवारी हूं का चूं नाही! सगळा घाट मी त्याच तोऱ्यात चढलो. मागे एकदाही पाहिलं नाही.

"त्या दिवशी काहीच ऐकू नाही आलं," विठ्ठलराव म्हणाले. "डोळे गेले, आता कानही चालले वाटते."

तिथेच सांगायला हवं होतं. पण विमलताई डबा घेऊन आल्या.

१५ जानेवारी, बुधवार

डोळ्यांचं विमलताईंना डॉक्टरांकडून कळलं. मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "भाऊ, सायकल बंद करतो म्हणते ते! कान गेले म्हून मानले, नाहीतर डोळ्यांसाठी मानणारा माणूस हाय का तो? देवच पावला."

घरी येऊन विचार केला. खरं सांगितलं तर हे गृहस्थ खांदा बरा होताच घाटाला निघतील. नाही सांगितलं तर जीव वाचतो. म्हणजे गप्प बसणं त्यांच्याच भल्याचं. कारण छान सापडलं — माझी चूकही त्याच्याखाली झाकली जाते.

१८ जानेवारी, शनिवार

विठ्ठलराव घरी आले. ओसरीवर खुर्चीत बसलेले. रेडिओ बंद. विमलताईंनी आतून चहाला हाक मारली, मला स्वच्छ ऐकू आली. ते म्हणाले, "काही आवाज आला का? मले आल्यासारखं वाटलं. का भासच झाला?" मी हो म्हटलं, तर माझ्या ओठांकडे पाहत राहिले. त्या डोळ्यांनी! माणसाचा स्वतःवरचा विश्वासच उडालाय. आणि तो मी उडवलाय.

घरी येऊन रडलो. बऱ्याच वर्षांनी, मोठ्याने.

२० जानेवारी, सोमवार

त्यांनी सायकल नेरच्या भाच्याला देऊन टाकली. टेम्पोत मीच चढवून दिली. दोरही मीच आवळला.

२२ जानेवारी, बुधवार

विमलताई त्यांना कान तपासायला घेऊन गेल्या होत्या. कान ठणठणीत! संध्याकाळी गेलो आणि सगळं सांगून टाकलं — डिझेल, तेल, सगळं. वाटलं, शिव्या घालतील. ते एवढंच म्हणाले, "तेल घातलं त्याचं काय, मधुभाऊ? तुम्हाले कुठं माहीत होतं. पण नऊ दिवस मले बहिरा काहून ठेवलं?"